माता कार्डावरचं ‘नाही’

“हां, झालं तोंड मोकळं. आता बोला.”

सकाळी साडेसातला आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर तिचं हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस कधी सुरू झाला नाही. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं तिला काही विचारणं फुकट. उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात आणि डावा पंजा आडवा धरलेला, म्हणजे थांबा. दारात कुणी कळा देत आली असेल तरच ती मध्ये उठायची. एरवी मिश्री हिरड्यांना नीट लागून, थुंकून, तांब्याभर पाण्यानं चूळ भरून, पदरानं ओठ टिपून होईपर्यंत तिला सरकारही हलवू शकत नव्हतं. आणि आम्ही दोघी सरकारच्याच नोकर होतो.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावायची, ही मिश्री. आमच्या भागात बिडी ओढणारी बाई दिसली तर गाव आठ दिवस तोंडाला पदर लावून तेच बोलेल. मिश्रीचं मात्र कुणाला काही वाटत नाही. सासू सुनेला देते, सून जावेला देते, आणि विचारलं तर सगळ्या सांगतात की दात घासतोय. डॉक्टरीणबाईंच्या घरी पेस्ट असते, आमच्या घरी ही, असं म्हणतात.

मी मूळची वाईची, सासर साताऱ्याचं. नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली ती जत तालुक्यात, पार कानडी मुलखाच्या कडेला. तिथं ती परिचर होती. म्हणजे केर काढण्यापासून अडलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेण्यापर्यंत सगळं तिच्याकडं. गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. नावाची गरज कधी पडली नाही.

पहिल्या दिवशी मी एसटीतून उतरले तर ही फाट्यावर उभी, बोट तोंडात. माझी ट्रंक उचलून तिनं डोक्यावर घेतली आणि चालू लागली. टँकर कधी येतो, दवाखाना किती लांब, राहायची सोय काय, मी वाटेत एकेक विचारत होते, आणि ती नुसती “हं” आणि “हंहं”. मी मनात म्हटलं, वा, खात्यानं मुकी बाई दिली की. उपकेंद्राशी ट्रंक उतरवून ती आडावर गेली, चूळ भरली आणि परत येऊन म्हणाली, “हां, झालं तोंड मोकळं. आता बोला. पैलं तुमी टँकरचं इचारलं.” मग माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं ओळीनं दिली, एकही न चुकवता.

कामाला वाघीण होती. एकदा एक मेंढपाळाची बायको सातवा महिना लागला तरी तपासणीला आली नव्हती. ती मेंढरं सोडून येईना, म्हणून आक्कानं तिला मेंढरांसकट आणली. मी आत रक्तदाब बघतेय आणि बाहेर चाळीसएक मेंढरांनी माझी जास्वंद खाऊन साफ केली. मी चिडले. तर म्हणते, “जास्वंद परत येती बाई.”

गुरुवारी बाजार. बाजारातून तंबाखू आणायची आणि उपकेंद्राच्या मागं तीन दगडांवर तवा ठेवून भाजायची. त्या वासानं डोळे चुरचुरायचे, शिंका यायच्या. मोठे डॉक्टर एका गुरुवारी अचानक तपासणीला आले तर त्यांना शिंकांवर शिंका. कसला धूर आहे म्हणून विचारलं, तर हिनं शांतपणे सांगितलं, डासाचा धूर केलाय साहेब. डॉक्टरांनी तिच्या वहीत शेरा मारला, ‘डास निर्मूलनाचे काम समाधानकारक’. त्या शेऱ्यावर आम्ही वर्षभर हसलो.

आता ज्यासाठी हे सांगायला बसले ते सांगते.

लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस गेले. जी सासू रोज वांझ म्हणून पाणउतारा करायची, त्या सासूनं त्या दिवशी दारात साखर वाटली. मी तिचं माता कार्ड भरायला बसले. वय, उंची, वजन, मागचा आजार. मग एक ओळ येते, तंबाखू किंवा मद्याची सवय. होय किंवा नाही.

“न्हाई,” ती म्हणाली.

मी तिच्या बोटाकडं बघितलं. नखाच्या कडेला काळं बसलेलं, साबणानंही न जाणारं. तिनं बोट मुठीत घेतलं.

“आवं बाई, ती मिश्री. तंबाखू न्हवं. दात घासायची.”

आणि मी ‘नाही’ लिहिलं.

तिच्या एकटीच्याच नाही, त्या गावातल्या सगळ्या बायकांच्या कार्डावर मी ‘नाही’ लिहीत होते. माझ्या आधीची नर्स तेच लिहायची, शेजारच्या गावातली तेच लिहायची. ‘होय’ लिहिलं की वरून विचारणा, मग समुपदेशनाची वेगळी नोंद, मग सासवा दारात. त्यापेक्षा ‘नाही’ बरं. मी तिला तोंडानं सांगितलं होतं, हे बाळाला चांगलं नाही, सोड. ती म्हणाली की सकाळी इतकं मळमळतं, लावली की जरा बरं वाटतं. पहिल्यापेक्षा दुपटीनं लावायला लागली, सकाळी आणि दुपारी जेवल्यावरही. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाही. माझं अर्धं काम तिच्या जिवावर चालायचं, तिला दुखवून मला परवडणार नव्हतं. खरं कारण एवढंच आहे.

मुलगी झाली. माझ्याच हातावर. काट्यावर ठेवली तर जेमतेम दोन किलोच्या वर. आक्का मात्र खूश. “बारकी हाय, पर आवाज ऐका की,” म्हणाली. खरंच, आवाज सगळ्या वस्तीला ऐकू गेला असेल.

पोर पायरीवरच वाढली. आई मिश्री लावायला बसली की ही शेजारी बसायची. तीन-साडेतीन वर्षांची असेल. एक दिवस चुलीतली राख बोटावर घेऊन तिनं तोंडात घातली, डावा पंजा आडवा धरला, आणि थोड्या वेळानं थू करून म्हणाली, झालं तोंड मोकळं. हुबेहूब. आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर तिला परत करून दाखवायला लावलं, लसीकरणाला आलेल्या बायकांसमोर.

पुढं माझी बदली सांगलीला झाली. विश्रामबागेत घर घेतलं. आक्काचा फोन यायचा, सणाला हुरडा नाहीतर बाजरीचं पीठ कुणाच्या तरी हाती यायचं. पोरगी शाळेत हुशार निघाली. दहावी झाली तशी आक्का तिला घेऊन माझ्याकडं हजर. अकरावीला विश्रामबागेतल्या कॉलेजात नाव घातलं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. “तुमच्यागत नर्स हुयाचंय तिला. तुमच्या नजरंखाली ऱ्हाईल,” आक्का म्हणाली. पालक म्हणून कागदावर माझी सही. पोर मला मावशी म्हणायची.

दिवाळीनंतर रेक्टरबाईंचा फोन आला. तुमच्या मुलीच्या गादीखाली डबी सापडली. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी तिनं पाया पडून विनवलं म्हणून कळवलं नव्हतं. आता आईला बोलवा.

आक्का दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आली. ऑफिसात टेबलावर ती डबी ठेवलेली. बामची जुनी डबी, तसलीच एक आक्काच्या कमरेच्या पिशवीत कायम असायची. पोरगी भिंतीला टेकून उभी, मान खाली. रेक्टरबाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. आठ दिवस देते म्हणाल्या. पालकांकडं ठेवा, सुटली तर परत आणा. परत डबी दिसली तर दाखला हातात.

दाखला म्हणजे काय ते आम्हा तिघींना ठाऊक होतं. गावी आक्काच्या सासूनं भाच्याचं स्थळ धरून ठेवलं होतं. पोर सोळाची, पण सासू म्हणायची की शिकत्येय तोवर शिकू द्या, घरी आली की हळद लावायची. घरी आली की संपलं.

आक्कानं पोरीवर हात उगारला. सात वर्षं वाट बघून झालेल्या पोरीवर मी तिला तोवर हात उगारताना कधी पाहिलं नव्हतं. पोर मागं सरली नाही. त्या हाताकडंच बघत राहिली. म्हणाली, “सातवीत असताना तुझ्याच डबीतनं घेतली, आई. पैल्यांदा चक्कर आली न्हाई मला. मैत्रिणींना येती म्हणं. मला बरंच वाटलं.”

हात तसाच खाली आला. मी मात्र त्या वाक्यावर अडकले. पहिल्यांदाच घेतली, आणि चक्कर नाही, जणू अंगाला ती आधीच ओळखीची होती.

घरी आल्यावर पोर आतल्या खोलीत जाऊन झोपली. डोकं दुखतंय म्हणाली. आक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले, कॉलेजात कुणी मागितले तर म्हणून आणलेले. त्यात तळाला ते माता कार्ड होतं. पिवळं पडलेलं, पण घडी शाबूत.

“वाचा,” ती म्हणाली. बोट त्या ओळीवर ठेवलं.

मी वाचलं. तंबाखू किंवा मद्याची सवय, नाही.

“अक्षर तुमचं हाय न्हवं?”

“माझंच.”

मग तिनं विचारलं. “बाई, खरं सांगा. माझ्या पोटातच लागली का तिला?”

मी गॅसवर चहा ठेवला होता, तो बंद केला. गेल्या काही वर्षांत प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं ते मी आठवत होते. पोटुशी असताना आई तंबाखू घेत असेल, ओढायची असो की लावायची, तर तिची मुलं वयात आल्यावर त्या नादाला लागण्याचा संभव जास्त दिसतो. त्यात पोटातलं किती आणि घरात रोज बघून किती, हे अजून कुणाला नीट वेगळं काढता आलेलं नाही. मी तिला तसंच सांगितलं. तुझ्या एका पोरीपुरतं कुणी छातीठोक सांगणार नाही आक्का, म्हटलं. पण नाही, असंही मी म्हणणार नाही.

तिनं कार्डाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाली, “तवा का न्हाई सांगितलं?”

“सोड म्हणून सांगितलं होतं की.”

“सांगितलं,” ती म्हणाली. “आन् न्हाई लिवलं.”

तीस वर्षांच्या नोकरीत मला वरिष्ठांनी झापलंय, गावकऱ्यांनी शिव्या घातल्यात. एवढं लागलं नव्हतं. तोंडानं विष म्हणायचं आणि कागदावर नाही लिहायचं, मग ती माझं कुठलं खरं धरणार होती?

ते आठ दिवस मी विसरणार नाही. आक्कानं जाहीर केलं की तीही सोडणार. दोघींच्या डब्या मी संडासात ओतल्या. तंबाखू सोडवण्याच्या केंद्रात दोघींना नेऊन आणलं, च्युइंगम दिलं, लवंग दिली, बडीशेप दिली. पहिला दिवस गमतीत गेला. दुसऱ्या दिवशी पोरीनं वही फेकली. तिसऱ्या दिवशी आक्कानं मला नाही नाही ते सुनावलं, भाजीत मीठ जास्त पडलं एवढ्यावरून. तिला घाम सुटायचा, सकाळी उठून ती माझ्या पायरीवर बसायची आणि बोट पदरात गुंडाळून ठेवायची. बत्तीस वर्षांची सवय ती. पोरीची चार वर्षांची. खरं तर मला पोरीची धास्ती होती, पण मोडायला आली होती आई. आणि आई मोडली की पोर टिकणार नव्हती, हे तिघींनाही कळत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवरून आले तर पोर दारात उभी. आई कुठं आहे म्हटलं, तर भाजी आणते म्हणून गेली, दीड तास झाला. पिशवी खुंटीवरच होती.

आम्ही दोघी निघालो. मंडईत नाही, स्टँडवर नाही. मला वाटलं गाडीत बसून गावी गेली. शंभर फुटी रस्त्याच्या अलीकडं एक किराणा दुकान आहे, तिथं कडेला ती उभी दिसली. हातात तंबाखूची पुडी. फोडलेली नव्हती. लोक येत होते, जात होते, आणि ही पुडीकडं बघत नुसती उभी. किती वेळ उभी असेल कोण जाणे.

पोर पुढं गेली. मी दोन पावलं मागं थांबले. पोरीनं हात पुढं केला.

“आई, दे हिकडं.”

तुम्हाला सांगते, ती पुडी पोरीला टाकून द्यायला हवी होती की लावायला, हे मला त्या क्षणी कळलं नाही. पोरीची नजरही पुडीवरच होती. चार दिवस तीही आईसारखीच तळमळत होती. आक्कानं पोरीच्या तळहाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. पुडीवरची मूठ तिनं आणखी घट्ट केली.

“न्हाई,” ती म्हणाली. “एकदा दिलीया तुला. परत माझ्या हातानं न्हाई द्यायची.”

पुडी फोडून तिनं गटारात झाडली. कागदही टाकला. मग रस्त्याच्या कडेला, भर दुपारी, दुकानदाराच्या देखत, माय-लेकी गळ्यात पडून रडल्या, आणि मीही. दुकानदार बिचारा स्टूल घेऊन बाहेर आला.

आठव्या दिवशी पोर वसतिगृहात परत गेली. रेक्टरबाईंनी बॅग उचकून बघितली, काही नव्हतं. पुढं बारावीच्या सराव परीक्षेत एकदा घसरली, आपण होऊन मला येऊन सांगितलं, परत सावरली. आक्काही एका लग्नात घसरली होती. हे झाकून काय करू? सुटणं असंच असतं.

ते आठ दिवस संपून गावी जायच्या सकाळी आक्कानं ते कार्ड परत माझ्यापुढं ठेवलं. “दुरुस्त करा,” म्हणाली. मी म्हटलं, अगं सोळा वर्षं झाली, आता याचा काय उपयोग? तिनं पेन तेवढं पुढं केलं. सरकारी कागदावर खाडाखोड केली की बाजूला सही आणि तारीख लागते, हे तिलाही ठाऊक होतं. मी ‘नाही’वर रेघ मारली. वर ‘होय’ लिहिलं. सही केली, त्या दिवसाची तारीख घातली.

परवा जतला एका शिबिरासाठी जायचं होतं. मुद्दाम पहाटेची गाडी धरली आणि साडेसातला उपकेंद्रावर पोचले. म्हटलं, पायरीवर भेटेल. पायरी रिकामी होती. झाडलेली, पण रिकामी. आत नवी नर्स होती, तरुण, सोलापूरकडची. ती म्हणाली की आक्का या वेळी कधीच इथं नसतात. मिश्रीच्या वेळेला त्या घरोघरी फिरतात. बाईचं बोट तोंडात असतानाच गाठायचं, म्हणजे तिला नाही म्हणता येत नाही.

मला हसू आलं. शंभर टक्के तिचंच डोकं.

नर्सनं मला नोंदवही दाखवली. तंबाखूच्या रकान्यात खाली खाली ‘होय’, ‘होय’, मध्ये एखादं ‘सोडली’. वरून विचारणा येते का, म्हटलं. येते की, ती म्हणाली, आक्का म्हणतात येऊ द्या. मी म्हटलं, आक्कांचं ते जुनं कार्ड अजून आहे का? तर म्हणाली, ते त्या बरोबर घेऊनच फिरतात. प्रत्येक पोटुशीला काढून दाखवतात.

मी पायरीवर बसून राहिले. दहाच्या आत शिबिराला पोचायचं होतं, गाडी नऊला. पावणेनऊ झाले तरी आक्का आली नाही. आली ती एक पोटुशी, विशीची असेल, तपासणीला. चढताना माझ्याकडं बघून थबकली. माझी शहरी साडी बघितली, चष्मा बघितला, पांढरे केस बघितले.

“तुमीच का वं त्या,” तिनं विचारलं, “न्हाई लिवणाऱ्या बाई?”

“होय,” मी म्हणाले.